ताईला परवडत नाही

"मी माझ्यासाठी म्हणत नाहीये," मधला म्हणाला. "ताईचा विचार करा जरा. तिला परवडत नाही. ती बोलून दाखवणार नाही, पण आपल्याला कळायला नको?"

आवाज त्याने खाली आणला होता, कारण ताई आत स्वयंपाकघरात कप विसळत होती. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर धाकटा भाऊ आणि त्याची बायको, जिला घरात सगळे धाकटीच म्हणत. समोर खुर्चीत मधल्याची बायको. मुलं खाली खेळायला गेलेली. वर्षअखेरची सुट्टी तोंडावर आली होती. त्या सुट्टीत एक दिवस तिन्ही भावंडांनी मधल्याच्या घरी जमायचं आणि प्रत्येकाने प्रत्येकाला भेट द्यायची, ही या घराची जुनी पद्धत. सुरू झाली तेव्हा माणसं तीनच होती. मग लग्नं झाली, मुलं झाली, आणि पद्धत अंगावर यायला लागली.

मधला चपला-बुटांच्या दुकानात सेल्समन होता. सुट्टीच्या आधीचे दिवस म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. दिवसभर लोकांच्या पायांशी बसून त्याची कंबर धरायची आणि घरची खरेदी राहायची ती थेट आदल्या संध्याकाळपर्यंत. मग नवरा-बायको बाजारात पळत सुटायचे, हाताला लागेल ते, दुकानदार म्हणेल त्या किमतीला उचलायचे आणि घरी येऊन एकमेकांवर डाफरायचे. गेल्या वर्षी धाकट्यासाठी घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ आठवडाभरात बंद पडलं होतं. ते त्याच्या घरी अजून तसंच लटकत होतं, कारण काढून ठेवायला धाकट्याला संकोच वाटत होता आणि बघायला मधल्याला.

तेव्हा यंदा त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मोठ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकाने एक उचलायची, ज्याचं नाव येईल त्या एकाच माणसाला भेट द्यायची, तीही ठरलेल्या किमतीच्या आत. मुलांचं ज्याचं त्याने बघायचं. कल्पना चांगलीच होती, तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त 'मी दमलोय, मला झेपत नाही' एवढं धाकट्यासमोर म्हणायला त्याची जीभ रेटेना. धाकटा बँकेत होता, गाडी बाळगून होता. म्हणून त्याने ताईला पुढे केलं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची म्हटल्यावर ताईच्या खांद्याइतका सोयीचा खांदा कुणाचा असणार? ताई सगळ्यांत मोठी, लग्न न केलेली, हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी आणि गाऊन सांभाळणारी, एका खोलीत एकटी राहणारी. तिला परवडत नाही म्हटलं की कुणी पुरावा मागणार नव्हतं.

"खरंय दादा," धाकटा म्हणाला. "माझ्या डोक्यातच आलं नाही कधी."

"बिचाऱ्या," धाकटी हळहळली. "आणि दर वर्षी एवढं सगळ्यांना आणतात. पोटाला चिमटा घेऊन आणत असतील हो."

आतला नळ बंद होता. तो कधी बंद झाला, हे मधल्याला सांगता आलं नसतं. ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा सगळे एकदम गप्प झाले, आणि मग मधल्याच्या बायकोने घाईघाईने तिला चिठ्ठ्यांचं सांगितलं.

"बरं झालं की," ताई म्हणाली. "तेवढीच सगळ्यांची धावपळ वाचेल." मग जरा थांबून तिने विचारलं, "मुलांचंही नाही ना?"

"मुलांचं आपापलं," मधला म्हणाला.

"बरं," ताई म्हणाली आणि तिने चिठ्ठी उचलली. चहा झाल्यावर सकाळची पाळी आहे म्हणून ती लवकर निघाली. मुलांना हाक मारून जाईन म्हणाली होती, पण तशीच गेली.

मधला पुढचे काही दिवस खुशीत होता. त्याला धाकटीचं नाव आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत समोरच्या दुकानात जाऊन त्याने एक छत्री घेतली, कागदात बांधून घेतली आणि परत येऊन डबाही खाल्ला. आजवर आपण उगाचच रक्त आटवलं, असं तो बायकोला म्हणालादेखील. बायकोला तर ही कल्पना इतकी आवडली की तिने जिन्यावर भेटेल त्या शेजारणीला ती सांगितली. "आमच्या वन्संना परवडत नाही ना, म्हणून मग आम्ही सगळ्यांनीच ठरवलं," असंही सांगायची. सांगताना तिचा आवाज मऊ व्हायचा. आपलं माणूस किती समजूतदार, असं ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसायचं आणि तेही तिला आवडायचं.

एका सकाळी दुकान उघडताना कॅशवाली मधल्याला म्हणाली, "काल तुझी बहीण येऊन गेली."

काल मधल्याची आठवड्याची सुट्टी होती. "ताई? इथे?"

"म्हणजे तुला खरंच माहीत नाही?" कॅशवाली बिलाच्या मशीनमध्ये नवा रोल घालत होती. "कायम येते की. तू नसशील तो दिवस बघून येते, घरच्यांना आधी कळायला नको म्हणून. सीझन उलटला की हजर. उन्हाळ्यात पावसाळी बूट, थंडीत सँडल. आम्हीच काढून ठेवतो तिच्यासाठी, निम्म्याने पडतं तिला. माप विचारावं तर टेबलावर वीत टेकवून दाखवते. पोरं मांडीवर बसली की गुपचूप मोजून घेत असणार. वर बोटभर वाढीची जागा धरते."

"काल काय घेतलं मग?"

"घेतलं कुठे. परत घेता का विचारायला आलेली. मुलांचे बूट होते तिघांचे, तुझ्या बायकोच्या चपला होत्या, तिच्या धाकट्या जावेच्या होत्या. म्हणाली, यंदा लागणार नाहीत. आता सेलचा माल आपण परत घेत नाही, मी तरी काय करणार? म्हटलं, ठेव पुढच्या वर्षाला. मोठ्यांचं राहील. पण पोरांचे पाय थांबतात होय वर्षभर?" तिने मशीनचं झाकण बसवलं. "तुला सांगू नको म्हणाली होती. मला राहवलं नाही."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. मधला त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला, बुटाची नाडी सैल केली, आणि त्याने त्या माणसाच्या उजव्या पायात डावा बूट घालायचा प्रयत्न केला. तो माणूस हसला. मधल्याला हसू आलं नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. आपण शेवटच्या संध्याकाळी धापा टाकत जे करायचो, ते ही बाई वर्षभर निवांत, चालता चालता करत होती. कुणी बोलता बोलता काही म्हणालं की लक्षात ठेवायची, स्वस्त मिळेल तेव्हा घ्यायची, आणि कपाटात ठेवून वाट बघायची. तिला परवडत होतं. तिला मुलं नव्हती. होती ती भावांची होती, आणि तीसुद्धा आपण 'ज्याचं त्याने' करून काढून घेतली. हे त्याला स्वच्छ दिसलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी तो परस्पर ताईकडे गेला. दार उघडंच होतं. ताई पलंगावर बसून बुटांचे खोके एकावर एक ठेवून सुतळीने बांधत होती. शेजारी स्वेटर होते, चित्रांची पुस्तकं होती, एक लोकरी टोपी होती. त्याला बघून तिने काही झाकलं नाही.

"कॅशवालीच्या पोटात काही राहत नाही," ती म्हणाली. "बस."

"हे कुठे नेतेस?"

"हॉस्पिटलात. मुलांच्या वॉर्डात देते. कुणाच्या ना कुणाच्या पायात बसतील."

"ताई, हे आपल्याकडे आण. मुलांना दे. नियम काय, आपणच केलेला."

"असं कसं? मी आणलं की धाकटीला वाटणार आपण रिकाम्या हाताने आलो. मग पुढच्या वर्षी ती आणणार, मग तुम्ही. पुन्हा सगळे पळत सुटाल." तिने सुतळीला गाठ मारली. "आणि मला परवडत नाही ना."

ती टोचून बोलली नाही. दुकानात माप सांगावं तशी सरळ बोलली, आणि म्हणूनच मधल्याला कुठे बघावं कळेना.

"ऐकलंस तू."

"नळ बंद केला होता मी."

मधला पलंगाच्या कडेला टेकला. "ताई, मला परवडत नव्हतं. पैशाने नाही आणि अंगानेही नाही. धाकट्यासमोर कसं म्हणू, म्हणून तुझं नाव घेतलं. चुकलं माझं."

"ते मला तेव्हाच कळलं. काच फोडलीस तरी लहानपणापासून माझंच नाव सांगतोस." ती हसली, मग हसू गेलं. "आधी विचारायचंस रे मला. मीच उठून म्हणाले असते, बाबांनो, मला जमत नाही, बंद करू या हे. तुझ्यासाठी म्हणाले असते आणि मला काही वाटलं नसतं. पण ते मी दिलं असतं. तू न विचारता घेऊन गेलास."

"मी सगळ्यांना खरं काय ते सांगतो," तो म्हणाला.

"बघ," ताई म्हणाली. "चहा टाकू?"

सुट्टीतला तो दिवस उजाडला आणि कधी नव्हे एवढा सुखात गेला. कागदांचा ढीग नाही, कुणाचं काय राहिलं म्हणून आदळआपट नाही. भेटी देऊन-घेऊन पटकन झालं. ताईने धाकट्याला मफलर दिला. धाकटीला छत्री आवडली. "दादा, मानलं तुला," धाकटा म्हणाला. "पहिल्यांदा मी या दिवशी माणसात आहे."

ताईचं नाव मधल्याच्या बायकोला आलं होतं. तिने एक मोठी टोपली पुढे ठेवली. तिच्यात चहाची पावडर, साखर, तेलाची बाटली आणि अंगाचे साबण होते. "म्हटलं, शोभेचं काही देण्यापेक्षा घरात उपयोगी पडेल असं द्यावं," ती म्हणाली. तिने ते प्रेमाने आणलं होतं, नीट रिबिन बांधून.

"छान आहे," ताई म्हणाली. "साबण माझा नेहमीचाच आणलास."

धाकट्याची जुळी मुलं सवयीने ताईच्या गुडघ्यांशी जाऊन उभी राहिली. "आत्या, आमचं?" त्यातल्या एकाने विचारलं. धाकटीने दोघांना दंडाला धरून मागे ओढलं. "आत्याकडे मागायचं नाही, सांगितलंय ना." ताईचे हात पुढे आले होते. ते तिने परत मांडीवर ठेवले.

मधल्याला आता बसवेना. "एक सांगायचंय," तो म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "ताईला सगळं परवडतं. परवडत मला नव्हतं. मी खोटं बोललो. तिने सगळ्यांसाठी घेऊन ठेवलं होतं, माझ्यामुळे ते वाया गेलं."

मग धाकटा उठला आणि त्याच्या जवळ येऊन बसला. "राहू दे, दादा," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्हाला कळत नाही का? ताईला वाईट वाटू नये म्हणून तू स्वतःवर घेतोयस."

"अरे खरं सांगतोय."

"हो, हो. खरं." धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. धाकटीचे डोळे भरून आले होते. बायको त्याच्याकडे अशी बघत होती की लग्नानंतर तिने त्याच्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. तो जितकं बोलेल तितका त्यांच्या नजरेत मोठाच होणार होता, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ताईकडे बघितलं. ताई रागावलेली नव्हती. तिने मान किंचित हलवली, झालं तेवढं पुरे अशी.

तेवढ्यात मधल्याची मुलगी आतून आली. आत्याला परवडत नाही, हे घरात, जिन्यात, शेजारी तिने इतक्यांदा ऐकलं होतं की तिला पाठ झालं होतं. तिच्या हातात गाठ मारलेला रुमाल होता. तो तिने ताईच्या मांडीवर ठेवला आणि गाठ सोडली. आत तिची साठवलेली नाणी होती.

"हे तुला," ती म्हणाली. "नियमातलं नाहीये, माझं माझं आहे. आता तुला परवडेल ना, आत्या?"

"किती गुणाची गं माझी बाय," धाकटी म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

नको म्हण, मधला मनात म्हणाला. ताई, घेऊ नकोस ते, परत दे. पण ताईने पर्स उघडली. नाणी एक एक करून आत टाकली, एकसुद्धा रुमालात राहू दिलं नाही. रुमालाची घडी घालून तिने ती मुलीच्या हातात दिली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"हो," ती म्हणाली. "आता परवडेल."

मधला मान खाली घालून बसला होता. धाकट्याने त्याच्या पाठीवर थाप मारली.