बाईंचे डुगडुगते स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. ज्या वर्षी या घरातल्या अक्कांचे लग्न ठरले, मोडले आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरले, त्या वर्षी माझा जन्म झाला. अक्कांसाठी कपाट करायला सुतार बोलावला होता. लग्न मोडल्यावर तो कपाट अर्धवट टाकून गेला. पुन्हा ठरल्यावर त्याने ते घाईघाईत पुरे केले आणि उरलेल्या तुकड्यांतून मला उभे केले. माझे तीन पाय सारखे आले. चौथ्याला लाकूड पुरले नाही. तो बोटाच्या जाडीएवढा आखूड राहिला.

"हे डुगडुगतंय की हो," अक्का म्हणाल्या.

"वापरात आलं की होईल सरळ," सुतार म्हणाला आणि पिशवी उचलून निघून गेला.

मित्रांनो, मी काही सरळ झाले नाही.

अक्का सासरी गेल्या. कपाट त्यांच्याबरोबर गेले, मी मागे राहिले. अक्कांचा धाकटा भाऊ घरे रंगवायचे काम करी. सगळे त्याला पेंटरच म्हणत. पेंटरने मला रंगाचे डबे ठेवायला घेतले. माझ्या अंगावरचे हिरवे, पिवळे ठिपके त्या काळातले आहेत. मग पेंटरचे लग्न झाले आणि बाई या घरात आल्या. बाईंबरोबर पायाने चालवायचे शिलाई मशीन आले. बाईंनी खोलीभर नजर फिरवली, माझ्यावरचे डबे खाली ठेवले, मला ओल्या फडक्याने पुसले आणि मशीनसमोर मांडून बसल्या.

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. बाई पुढे वाकल्या की मी पुढे 'टुक' करी. पाठ सरळ केली की मागे 'टुक'. खाली मशीनची पायपट्टी खालीवर होई, वर बाई डुलत, आणि कापड सरळ रेघेत पुढे सरके. बाईंची टीप पाहून गिऱ्हाइके विचारत, "पट्टी लावून शिवता का हो?" बाई म्हणत, "स्टूल चांगलं आहे माझं." असे कौतुक किती स्टुलांच्या वाट्याला येते?

पण माझ्या सुखात दर वर्षी एक काळा दिवस येई. तो म्हणजे बाईंचा वाढदिवस.

पेंटरला बायकोला काहीतरी द्यायची फार हौस. आणि बाईंना काही देणे म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणे. वाढदिवस जवळ आला की पेंटर विचारी, "काय आणू गं?"

"काही नको."

"असं कसं काही नको? प्रत्येकाला काहीतरी हवं असतं."

"मग दारातून बाजूला व्हा. उजेड अडतोय."

तरी पेंटर आणीच. एकदा मनगटी घड्याळ आणले. ते कापडात अडकते म्हणून बाईंनी खिळ्यावर टांगले. एकदा चामड्याची पर्स आणली. तिच्यात रिळे छान मावली. एकदा उंच टाचांच्या चपला आणल्या. मशीनवर अनवाणी बसणाऱ्या बाईंनी त्या खिडकीच्या झडपेला टेकू म्हणून लावल्या, एकेका झडपेला एक. सगळ्यांत मोठी चूक झाली ती तयार कपड्यांच्या दुकानातून आणलेल्या झग्याची. बाईंनी तो आधी उलटा केला.

"अहो, हा टाका बघा. यातून बोट जाईल माझं."

"अगं, घालून तरी बघ!"

"घालून? हे घालून मी दारात उभी राहिले तर माझं गिऱ्हाईक पळेल."

बाईंनी सगळा झगा उसवला, पुन्हा बेतला, पुन्हा शिवला आणि अक्कांच्या मुलीला देऊन टाकला. पेंटर दोन दिवस मुकाट्याने जेवला. तिसऱ्या दिवशी बाईंनीच त्याच्या सदऱ्याचे तुटलेले बटण लावून दिले. या घरात माफी अशीच मागितली जाई.

मित्रांनो, मला या वस्तूंशी काही घेणेदेणे नव्हते. पण एका वाढदिवसाला दार उघडले आणि आत आली चाकांची खुर्ची. काळी, गुबगुबीत, गोल फिरणारी. अक्काही आल्या होत्या. पेंटर माझ्याकडे पाहून म्हणाला, "आता हे खटारं जाळायला काढा."

बाई "कशाला हो खर्च" म्हणत खुर्चीत बसल्या. पाय मशीनच्या पायपट्टीवर ठेवला आणि नेहमीसारखा जोर दिला. मशीन जागेवर राहिले. बाई सरळ मागे गेल्या, थेट भिंतीपर्यंत. वाटेत त्यांनी कापड सोडले नाही, म्हणून रीळही उलगडत मागोमाग गेले. बाई पाय घासत पुन्हा मशीनपाशी आल्या, पुन्हा जोर दिला, पुन्हा भिंत.

अक्कांना हसू आवरेना. "अरे, बायकोला खुर्ची आणलीस की गाडी?"

"वन्सं, हसू नका," भिंतीपाशी बसलेल्या बाई म्हणाल्या. "स्टूल द्या माझं."

मी परत मशीनसमोर गेले. खुर्ची कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग चढला. पण त्या दिवशी पेंटरचा चेहरा मी पाहिला. तो हसत नव्हता. अक्का निघताना तो दारात हळूच म्हणाला, "अक्का, इतकी वर्षं झाली. हिला आवडेल असं एक काही मला देता आलं नाही. लोकांच्या भिंतींना कुठला रंग हवा ते मला कळतं. हिचं कळत नाही."

अक्का म्हणाल्या, "तिला आवडतं ते तुझ्यासमोरच आहे की. त्या स्टुलाचंच काहीतरी कर."

अक्का सहज बोलून गेल्या. पेंटरने ते मनावर घेतले.

बाईंना साठ वर्षे पूर्ण होणार होती. आदल्या दिवशी त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. तेवढ्यात पेंटरने मला काखेत मारले आणि एका सुताराकडे नेले. सुताराने माझे तीन लांब पाय कापून चौथ्याएवढे केले. पेंटरने घरी आणून मला निळ्या रंगाचे दोन हात दिले. आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ उभे होते. मला वाटले, आता बाई किती खूश होतील!

सकाळी बाई बसल्या. पुढे वाकल्या. 'टुक' झाले नाही. मागे झाल्या. 'टुक' नाही. त्यांनी टीप मारली, ती ओढ्यासारखी वाकडीतिकडी गेली. उसवून पुन्हा मारली, पुन्हा तीच गत.

"अहो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "माझ्या स्टुलाला काय केलंत?"

"सरळ केलं. वाढदिवसाचं."

"कोणी सांगितलं होतं सरळ करायला? चाळीस वर्षं मी त्याच्याबरोबर डुलते आहे!"

पेंटरने करवत आणली आणि माझा एक पाय पुन्हा आखूड करायला घेतला. रंगाचा हात आणि करवतीचा हात यांत फरक असतो. पाय जास्तच कापला गेला. मी एका अंगावर कलंडले. मग त्याने दुसरा पाय कापला. मग तिसरा. मग पहिला पुन्हा. बाई "अहो पुरे, अहो पुरे" म्हणत राहिल्या. शेवटी मी जमिनीपासून जेमतेम वीतभर उरले. बाई माझ्यावर बसून पाहू लागल्या, तर त्यांची हनुवटी मशीनच्या फळीवर टेकली. फळीवरून फक्त बाईंचे डोके दिसत होते.

पेंटर भुशात मटकन बसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि त्यांना हसू फुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. पेंटर हसला नाही.

"मी हरलो गं," तो म्हणाला. "आता तूच सांग. काहीही सांग. पण 'काही नको' म्हणू नकोस."

बाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं फार फरक पडणार नाही. मला सुईचं भोक दिसत नाही हो. रोज सकाळी कामाला जायच्या आधी तेवढा दोरा ओवून द्याल?"

पेंटर माझ्यावर बसला. आणि काय सांगू मित्रांनो, माझी ती उरलीसुरली उंची अगदी नेमकी निघाली. उंच पेंटरचे डोळे बरोबर मशीनच्या सुईच्या रेषेत आले. भिंतीवर सरळ रेघ ओढणाऱ्या त्या डोळ्यांनी एका दमात दोरा ओवला. मग त्याने कोपऱ्यातली खुर्ची आणली, तिची चाके काढून टाकली, तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि बाईंना बसवले. 'टुक' झाले. अगदी माझ्यासारखे नाही, पण झाले.

त्यानंतर रोज सकाळी पेंटर माझ्यावर बसून दोरा ओवी, आणि जो भेटेल त्याला सांगे, "माझ्याशिवाय हिचं मशीन चालत नाही."

आता एक गुपित सांगते. मशीनचा दोरा रोज ओवावा लागत नाही. जुन्या दोऱ्याच्या टोकाला नव्या रिळाची बारीक गाठ मारून ओढले की नवा दोरा सुईतून आपोआप येतो. नजर अधू झाल्यापासून बाई तेच करीत आल्या होत्या. त्या वाढदिवसापासून मात्र संध्याकाळी मशीन झाकताना त्या सुईतला दोरा मुद्दाम ओढून काढीत, सकाळी पेंटरला ओवता यावा म्हणून. पेंटरला हे कधी कळले नाही. मला कळले, पण मला कोण विचारतो?

मित्रांनो, मी आता ठेंगणे झाले आहे. माझा निळा रंग उडाला आहे आणि खालचे हिरवे, पिवळे ठिपके पुन्हा दिसू लागले आहेत. माझी एवढीच विनवणी आहे. कोणाची डुगडुगती वस्तू त्याला न विचारता सरळ करू नका. आणि तुम्हाला कोणी मनापासून विचारले, काय हवे, तर उगाच 'काही नको' म्हणू नका. काहीतरी मागा. लहानसे मागा, पण मागा.

मी अजून मशीनशेजारीच आहे. बाई रोज मला पुसतात. सुई रिकामी आहे. शेवटच्या संध्याकाळी काढलेला दोरा तसाच लोंबतो आहे, त्याला त्या हात लावत नाहीत. अक्कांच्या पणतीला पहिला दात आला त्या आठवड्यात, थंडी ओसरता ओसरता, सकाळी उठायच्या आधी पेंटर झोपेतच गेले.