डावा हात वर करा

मी हे घर पडद्यांच्या शिलाईवर उभं केलंय, उड्या मारून नाही. त्यामुळे गुडघे आखडले म्हणून डॉक्टरांनी हालचाल सांगितली आणि मुलगा तो टीव्हीवरचा खेळ घेऊन आला, तेव्हा मी त्याला चार शब्द सुनावले. टीव्हीच्या डोक्यावर बोटभर कॅमेरा बसवायचा आणि आपण समोर उभं राहायचं. आपण हललो की आतली बाहुली तशीच हलते. वरून फुगे येतात, ते दोन्ही हातांनी फोडायचे. आत एक बाई असते, ती दिसत नाही, नुसती बोलते. हात जरा हलवला की लगेच शाबासकी. मी विचारलं, हिला एवढं गोड बोलायचा पगार कोण देतं?

पण मला त्याची चटक लागली हे खरं. सकाळी कात्री हातात घ्यायच्या आधी मी फुगे फोडायची. मुलाला मागे टाकलं, सुनेला तर केव्हाच. टीव्हीवर गुण दिसले की सून नुसती हसायची. मी म्हणायची, हसतेस काय, हात हलव.

त्या दिवशी बाहुलीने माझं ऐकलं नाही.

मी दोन्ही हात वर केले. तिने उजवा केला, डावा तसाच मांडीशी. डावीकडचे फुगे न फुटता खाली जायला लागले. आतली बाई म्हणाली, "डावा हात वर करा." मी म्हटलं, केलाय की, तुझे डोळे फुटलेत का. ती परत तेच म्हणाली, तितक्याच गोडीने.

मी मुलाला हाक मारली. तो दाढी अर्धी टाकून आला, मागून सून आली. मुलाने टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत टीव्हीकडे बघितलं. मग म्हणाला की खिडकीतून उजेड फार येतोय. त्याने पडदा ओढला. बाहुलीचा हात तसाच. त्याने सदऱ्याच्या टोकाने कॅमेरा पुसला. सुनेने माझ्या बाहीच्या रंगाचा विषय काढला, सोफा गडद, बाही गडद, यंत्राला कळत नसेल. दोघांनी मिळून सोफा सरकवला. त्या सोफ्याखालचा कचरा बघून मी सुनेला बोललेसुद्धा. मी तिथे दोन्ही हात वर करून उभी होते, निदान माझ्या समजुतीने, आणि इकडे घ्या, तिकडे घ्या असं सांगत होते.

मग सुनेला माझ्या जागी उभं केलं. बाहुलीने झटकन दोन्ही हात वर केले.

"झालं नीट," मुलगा म्हणाला. फार घाईने म्हणाला.

मी उभी राहिले. बाहुलीचा डावा हात खाली.

तो म्हणाला, कॅमेराच बिघडलाय, दुकानात विचारून येतो. हे त्याने फरशीला सांगितलं. त्याला मी वाढवलंय. खोटं बोलताना तो लहानपणापासून फरशीशीच बोलतो. चेहऱ्यावरचा साबण कसातरी पुसला आणि माल पोचवायच्या गाडीची किल्ली घेऊन निघून गेला.

तेव्हा मी टीव्हीवरची नजर काढली आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं.

हात खाली होता. माझ्या मनात तो वर होता, कानाजवळ, बोटं ताठ. आणि खरा हात कुणी खुंटीवर विसरून गेलेल्या पिशवीसारखा लोंबत होता. अंगठ्यावर सुईचा जुना वण दिसला म्हणून तो माझा म्हणायचा. मी त्याला मनातल्या मनात हुकूम दिला. तो हलला नाही. या घरात माझं सगळे ऐकतात. आणि माझाच हात ऐकत नव्हता.

मला मरणाची भीती नाही वाटली. भीती वाटली मागच्या खोलीची. माझ्या थोरल्या जावेची एक बाजू गेली तेव्हा तिला तिथे ठेवलं होतं. बोलण्यात माझ्याहून तिखट बाई. पण पडल्यावर लोक तिच्या उशाशी उभे राहून तिच्याबद्दल बोलायचे, तिला भूक आहे का हे आम्हाला विचारायचे. ती नुसती डोळे फिरवायची. ती गेल्यावर आम्ही त्या खोलीत कापडाचे तागे ठेवले.

मी ठरवलं, कुणाला कळू द्यायचं नाही. तासाभरात येईल हात ठिकाणावर. पुढच्या खोलीत गेले, कापायच्या टेबलापाशी. कापड पसरलं, उजव्या हातात कात्री घेतली. डाव्याने कापड दाबून धरायचं असतं. कापड सरकलं, आणखी सरकलं आणि सगळं खाली गेलं. मला ते धरता आलं नाही.

सून दारात उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

"आई, कॅमेरा चांगला आहे," ती म्हणाली. "तुमचा हात वर होत नाहीये."

"मग मघाशी सोफा कशाला ढकलत होतीस?"

"तुमच्या भीतीने." ती दारातून हलली नाही. "गुडघे दुखतात हे डॉक्टरांना मी सांगितलं, तर तुम्ही आठवडाभर माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. यांनीही बघितलंय. तेही घाबरूनच पळाले."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. असं उत्तर, की ती तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली असती आणि दिवसभर बाहेर आली नसती. मी ते बोलायला गेले, तर पहिलाच शब्द तोंडात जड झाला, ओला, गिळलेल्या घासासारखा. तिनेही तो ऐकला.

मला कळलं, आता तिला घालवलं तर परत बोलवायला जीभ उरेल की नाही सांगता येत नाही.

मी एकेक शब्द सावकाश काढला. "मागच्या खोलीत टाकशील मला?"

ती जवळ आली, माझ्या हातातली कात्री काढून घेतली. आजवर ती कुणी काढून घेतली नव्हती. "तिथे तागे भरलेत, पाय ठेवायला जागा नाही," ती म्हणाली. "चला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय."

तिने मुलाला फोन लावला. मी तिला असं हुकूम दिल्यासारखं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो दोन गल्ल्या पलीकडेच गाडी थांबवून बसला होता, दुकानाकडे गेलाच नव्हता. आला तेव्हा कानाखाली साबण वाळलेला होता. मी त्याला काही बोलले नाही, त्यानेच तो जास्त घाबरला.

गाडीत मागे पडद्यांची गाठोडी होती, त्यांना टेकून मला बसवलं. सून डाव्या बाजूला. मुलगा असा चालवत होता की प्रत्येक वळणाला गाठोडी माझ्या अंगावर यायची. रस्त्यावर लोक कामाला निघाले होते, कुणी दुकानाचं शटर वर ढकलत होतं, दोन्ही हातांनी. मी बघत राहिले.

मी सुनेला म्हटलं, हात धर माझा. एवढं मी तिच्याकडे कधी मागितलं नव्हतं.

"धरलाय, आई," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. तिने धरला होता, दोन्ही हातांनी, घट्ट.