सात वाट्यांत मावलेलं बेट

मी बोरिवलीच्या सुगंधाच्या घरातला जुना मिसळणाचा डबा. पोटात सात वाट्या, एक चिमुकला चमचा आणि स्वभाव जरा तिखट. तो काही माझा दोष नव्हे मित्रांनो, संगतीचा परिणाम!

घाटकोपरच्या एका भांड्यांच्या दुकानात माझ्या झाकणावर नाव कोरलं, ‘चि. सौ. कां. सुगंधा हिस आत्याकडून’, आणि मी थेट तिच्या रुखवतात जाऊन बसलो. पुढे पंचवीस वर्षं तिने न बघता माझ्यातली हळद उचलावी आणि कालवणाचा वास जिन्यात घुमावा! लोक तिच्या हाताची तारीफ करत आणि मी ओट्यावर फुगून बसे. मग घरात रंगीत झाकणांच्या बरण्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. चार वर्षं नुसती धूळ खाल्ली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मला खाली काढलं मानसीने, म्हणजे सुगंधाच्या मुलीने. मालाडच्या ऑफिसातला पगार साठवून पोरीने अंदमानची तीन तिकिटं काढली होती. आई, बाबा आणि ती. ज्या लहान बेटावर राहायचं तिथे मोबाइलला रेंज मिळेल न मिळेल, म्हणून रोख पैसे न्यायचे ठरले. मला चिंच लावून लख्ख घासलं आणि वाट्यांत मसाल्याऐवजी नोटांच्या सुरळ्या ठेवल्या! माझा आनंद काय सांगू! नाश्ता, जेवण, रिक्षा, शहाळी, औषधपाणी आणि शेजाऱ्यांच्या भेटवस्तू अशा सहा वाट्या. मधली सातवी सगळ्यांत भारी. तिच्यात साडेतीन हजार, आईने समुद्राच्या तळाशी चालून यावं म्हणून. डोक्यावर हवेचं हेल्मेट घालून खाली उतरवतात म्हणे. वेंगुर्ल्याचं माहेर असून सुगंधाने जन्मभर मासे साफ केले, तळले, वाढले. पण पाण्याखाली पोहणारा मासा एकदाही बघितला नव्हता.

जेवणाच्या वाटीतल्या नोटा मात्र तिनेच कमी केल्या. “चारी बाजूंनी समुद्र! तिथे मासळी मातीमोल असणार. कोकणातल्या माणसाला तू नको शिकवूस,” ती मानसीला म्हणाली.

वाट लागली ती पहिल्याच दुपारी. किनाऱ्यावरच्या हॉटेलात तिघांनी सुरमई आणि एक खेकडा खाल्ला आणि चार दिवसांच्या जेवणाची वाटी रिकामी!

“सुरमयेत सोन्याचो काटो आसा काय?” सुगंधा बिल बघून किंचाळलीच.

“मातीमोल ना?” राजेश, तिचा नवरा, मिशीत हसला.

संध्याकाळी खोलीत कुणी नसताना सुगंधाने मला उघडलं. मधल्या वाटीतले दोन हजार काढून जेवणाच्या वाटीत टाकले. “मासे काय, बोरिवलीच्या बाजारातही दिसतात,” ती स्वतःशीच पुटपुटली. मला इतका राग आला! हळद-तिखट पोटात असतं तर चांगला ठसका लावला असता बाईला.

सकाळी नाश्त्याचे पैसे घेताना मानसीच्या ते लक्षात आलं.

“आई, ही वाटी कुणी हलकी केली?”

“मग पोटाला काय घालायचं गं तीन दिवस? वाळू?”

“अगं, तुझ्यासाठी आलोय ना आपण!” मानसीचा आवाज चिरकला.

तेव्हा एरवी चार शब्द न बोलणारा राजेश उठला. “सुगंधा, मासळी तू आण. चूल मी मागतो.”

ते उतरले होते त्या घराची मालकीण मिनोतीदी स्वयंपाकघर द्यायला एका पायावर तयार झाली. अट एकच, कालवण तिलाही वाढायचं. मग काय विचारता! पहाटे होड्या लागतात तिथे सुगंधा मला पिशवीत घालून निघाली. कल्ले उचलून ताजेपणा बघ, बोटांनी भाव कर, नाक मुरडून चार पावलं निघून जा, हाक आली की परत ये. मालवणी मसाल्याची पुडी तिच्या बॅगेत होतीच. आमची बाई परगावी जाताना एक वेळ साडी विसरेल, मसाला नाही! तीन दिवस झकास जेवण झालं आणि पैसेही उरले.

शेवटच्या सकाळी उरलंसुरलं सगळं मधल्या वाटीत जमवलं. तरी आठशे कमी! बाकी होती फक्त भेटवस्तूंची वाटी, अकराशेची. सुगंधाने माझं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“मजल्यावरची अकरा घरं आहेत गं. कुणी फिरून आलं की आपल्याला देतात. मी हात हलवत जाऊ?”

“जा,” मानसी म्हणाली. “खुशाल जा.”

सुगंधा कितीतरी वेळ खिडकीबाहेरच्या निळ्या पाण्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच झाकण उघडलं आणि आठशे मोजून काढले. माझ्या सातही वाट्या आनंदाने खणखणल्या!

होडीत मी राजेशच्या मांडीवर होतो. सुगंधा शिडीने उतरली, पाण्याखाली दिसेनाशी झाली. वीस मिनिटं राजेशने मला घट्ट कवटाळून धरलं होतं. मग ती वर आली. ओलीचिंब, हसतेय की रडतेय कळेना.

“अगो बाय माझे! मानसी, निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे! माझ्या हाताला ढुशी मारून गेला गं एक! टोपलीत येईपर्यंत सगळे रंग जातात त्यांचे. मला वाटायचं, मासा मुळात राखाडीच!”

बोरिवलीला परतल्यावर अकरा घरांची माणसं जमली. उरलेल्या तीनशेत नारळाच्या वड्यांचं एकच पाकीट आलं होतं. सुगंधाने ओशाळत एकेक वडी हातावर ठेवली आणि सांगायला लागली. हातांचे कल्ले करून, गाल फुगवून, दोन तास! की-चेनसारखी भेट कुठेय म्हणून कुणी विचारलं नाही. सगळे गेल्यावर शेजारच्या कुंदावहिनी तेवढ्या मागे रेंगाळल्या.

“सुगंधा, किती लागतात गं त्या समुद्राखाली जायला?” त्यांनी हळूच विचारलं. “पासष्टाव्या वर्षी घेतात का?”

मित्रांनो, खर्चाची आखणी जरूर करा, बेटावर असा की बोरिवलीत. पण सगळ्या वाट्या भरून झाल्या की एकदा बघा, भरणारीची वाटी त्यात आहे का? नसेल तर पुढच्या वेळी सगळ्यांत आधी तिची भरा.