आठ सेकंदांचा पगार

मी एक जुने लाल बटण आहे. मित्रांनो, तुमच्या घरी दिव्याचे बटण असते, पंख्याचे असते, दारावरच्या घंटीचे असते. तुम्ही ते दिवसातून दहादा दाबता आणि विसरून जाता. माझे तसे नाही. मला दाबायची वेळ आली, तर माणूस ती जन्मभर विसरत नाही, कारण मी अणुभट्टी बंद करण्याचे बटण आहे. पण उगाच फुशारकी नको, म्हणून आधीच सांगून टाकते. मी खऱ्या भट्टीचे नाही. मी सरावाच्या खोलीत राहते. नव्याने नोकरीला लागलेले अभियंते इथे भट्टी चालवायला शिकतात. मीटर, दिवे, भोंगा, सारे काही खऱ्यासारखे हुबेहूब आहे. फक्त तारांच्या दुसऱ्या टोकाला भट्टीऐवजी एक संगणक बसलेला आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे तपासणीला एक बाई होत्या. अंगठ्याला चामड्याची टोपी घालून त्या प्रत्येक बटण शंभर वेळा दाबत आणि स्प्रिंग नीट परत येते का, ते कान देऊन ऐकत. मागणी दोन बटणांची होती. एक खऱ्या खोलीसाठी, एक सरावाच्या. दोन्ही इतकी सारखी हवीत, की बोटाला फरक कळता कामा नये, असे कागदावर लिहिलेले होते. बाईंनी आम्हांला एकाच खोक्यात, एकाच कापडात गुंडाळून पाठवले. माझे जुळे भावंड अंगणापलीकडच्या इमारतीत गेले आणि मी इकडे आले. सुरुवातीला मला याचे फार वाईट वाटे. मान त्याला आणि मार मला, असे वाटे.

माझी समजूत काढली ती मास्तरांनी. मास्तर म्हणजे इथले शिकवणारे. त्यांनी स्वतः खरी भट्टी सव्वीस वर्षे चालवली होती. ते मुलांना सांगत, की या बटणाने भट्टीत नियंत्रक दांडे उतरतात आणि आतली अणुक्रिया थांबते. भट्टी आपोआप बंद होण्याचीही सोय असते, पण ती माणसाचा डोळा लागला तर म्हणून ठेवलेली असते, तिच्या भरवशावर डोळे मिटायचे नसतात. त्यांचा नियम एकच होता. "शंका आली की दाब. कारण मागाहून शोधू." मुले घाबरून मला दाबत, भोंगा बंद होई, पडद्यावर कळे की बिघाड काहीच नव्हता, नुसता एक मीटर खोटा बोलत होता. मूल शरमेने लाल होई. मास्तर मात्र त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला जेवायला पाठवून देत.

ते माझे सुखाचे दिवस होते. इतकी बोटे माझ्यावर पडली, की माझ्यावरची अक्षरे पुसून गेली. पाहुणे आले की मास्तर मला दाखवून म्हणत, या खोलीत सगळ्यात अनुभवी कामगार हाच. त्या काळी नव्या अभियंत्यांचा पगार ठरलेला असे. एका तुकडीतल्या सगळ्यांना सारखा, थोडा कमीच, आणि दरवर्षी थोडासा वाढणारा. त्या पगाराचा आणि माझा काडीचाही संबंध नव्हता.

मग तुकड्या गळू लागल्या. दहा मुले शिकून तयार व्हायची आणि वर्षभरात त्यांतली पाच दुसरीकडे जायची, जिथे खुर्चीत बसून दुप्पट मिळत होते. मास्तर कपाळाला हात लावून बसत. अशा वेळी मुख्य कार्यालयातून एक साहेब आले. मुले त्यांना पगारसाहेब म्हणू लागली. माणूस वाईट नव्हता हो. नवी तुकडी आली की ते याच खोलीत मुलांना समोर बसवत आणि एकेकाला विचारत, "अपेक्षा किती आहे? लाजू नका, बोला." मुले चाचरत आकडा सांगत. साहेब हसून म्हणत, "एवढाच? तुमच्या शेजारचा पोरगा तर याहून जास्त घेतो." मुले खूश होत. आपल्या कामाची किंमत कोणीतरी विचारतो आहे, हेच त्यांना नवे होते.

साहेबांनी पगाराची नवी रचना आणली. मूळ पगार बेताचा. भट्टी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा पास झाली की पॅनेलवर, म्हणजे मीटर-बटणांसमोरच्या खुर्चीत, बसण्याचा भत्ता, आणि तो पगाराइतकाच मोठा. मात्र भत्त्याच्या तीन श्रेणी होत्या आणि श्रेणी परीक्षेच्या गुणांवर ठरायची. इथपर्यंत सारे ठीक होते. पण गुणांच्या तक्त्यात उत्पादन विभागाने एक ओळ घालून घेतली. विनाकारण भट्टी बंद केल्यास दहा गुण वजा. खरी भट्टी एकदा बंद पडली की पुन्हा चालू करायला दोन दिवस जातात आणि तेवढी वीज बुडते, असे त्यांचे म्हणणे होते. कारण होते की नव्हते, हे संगणक मागाहून सांगणार होता. मास्तरांनी ती ओळ वाचली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

त्याच वर्षी धाकटी आली. तुकडीत सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. तिचे वडील शिंपी होते आणि त्यांची नजर अधू होत चालली होती. एकदा मशीनची सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली होती. नोकरीचे पत्र आले तेव्हा त्यात पगाराच्या आकड्यापुढे 'पर्यंत' असे लिहिलेले होते. धाकटीने वडिलांना फोनवर आकडा वाचून दाखवला आणि पुढचा शब्द गाळला. म्हणाली, "बाबा, आता दुकान बंद करा. पुरे झालं." वडिलांनी तिचे ऐकले आणि महिन्याभरात दुकानाची किल्ली मालकाला परत केली. हे सगळे तिने लंबूला, म्हणजे तुकडीतल्या सगळ्यांत उंच मुलाला, माझ्यासमोर उभे राहून सांगितले होते. सांगताना ती हसत होती, पण तिचा हात पॅनेलची कड घट्ट धरून होता.

पहिल्या चाचणीत पाण्याचा दाब दाखवणारा काटा एकदम खाली आला. धाकटीने माझ्यावरचे झाकण उचलले आणि क्षणाचाही विचार न करता मला दाबले. काय सुरेख दाबले होते म्हणून सांगू! मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. पण संगणकाने निकाल दिला: मीटर खोटा, कारण नव्हते, दहा गुण वजा. भिंतीवर यादी लागली त्यात धाकटी तिसऱ्या श्रेणीत, शेवटून दुसरी. त्या श्रेणीच्या भत्त्यात दुकानाची भरपाईसुद्धा निघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लंबू तिच्याजवळ आला. संगणकातली एक खोड त्याने हेरली होती. इथे मीटर खोटा बोलला, तर आठ सेकंदांच्या आत काटा आपोआप जागेवर येतो. खरा बिघाड असेल तर येत नाही. संगणकाचा कार्यक्रम लिहिणाऱ्याने आपल्या सोयीसाठी तसे ठेवले असावे. लंबू म्हणाला, "झाकण उचल, बोट ठेव आणि आठ मोज. आला वर, तर हात काढून घे. नाही आला, तर दाब. बाराव्या सेकंदाच्या आत दाबलं, की गुण जात नाहीत."

मित्रांनो, तेव्हापासून माझे दिवस फिरले. झाकण उचलले जाई, बोट माझ्यावर येऊन टेकत असे, आणि तिथेच थांबे. बोटाच्या टोकाशी नाडी उडते, ती मला कळते. वर ओठ हलत असत. आठपर्यंत गेले की बहुतेक वेळा बोट निघून जाई. मी दिवसचे दिवस न दाबलेले राहू लागले. माझ्या स्प्रिंगला गंज चढायला लागला. पण खरे दुःख ते नव्हते. खरी भीती अशी, की ही मुले माझ्याजवळ जे शिकत होती ते अंगणापलीकडे घेऊन जाणार होती, आणि तिथल्या मीटरांना आठ सेकंदांचा नियम कोणीही सांगितलेला नव्हता.

मास्तरांच्या लक्षात आले. त्यांनी कार्यालयात जाऊन सांगितले, की संगणकाचा कार्यक्रम बदला आणि ती गुणांची ओळ काढा. पगारसाहेबांनी त्यांच्यापुढे निकाल ठेवले. पहिल्या श्रेणीत मुले कधी नव्हे इतकी होती, गळती थांबली होती, विनाकारण भट्टी बंद करणारा एकही उरला नव्हता. साहेबांना खरोखरच आनंद झालेला होता. कार्यक्रम बदलायचे पुढच्या वर्षी बघू, असे ठरले. त्यानंतर चार महिन्यांनी मास्तरांचे वय झाले म्हणून त्यांना निरोप देण्यात आला. जाताना त्यांनी माझ्या झाकणावरची धूळ रुमालाने पुसली.

धाकटी परवान्याच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत आली. माझ्यासमोरूनच तिने वडिलांना फोन लावला आणि सांगितले, की सगळा मिळणार, पत्रात लिहिला होता तेवढा. तिचा जीव भांड्यात पडला. मीही आनंदात असायला हवे होते. पण तिचे बोट दर वेळी आठव्या सेकंदापर्यंत कसे थांबे, ते माझ्याइतके कोणाला ठाऊक होते?

मागच्या महिन्यात, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना ती परत आली. सोबत मास्तर होते, पाहुण्यांचा बिल्ला लावलेले. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "परवा खऱ्या खोलीत पाण्याचा दाब उतरला. मी झाकण उचललं आणि मोजायला लागले. आठ झाले तरी काटा वर येईना."

"मग दाबलंस?"

"नाही. मी पुन्हा एकपासून मोजायला लागले, मास्तर."

दुसऱ्यांदा मोजताना तीन झाले तेव्हा काटा आपोआप वर आला होता. नोंदवहीत 'क्षणिक चढउतार' एवढीच ओळ पडली होती. शेजारी बसलेल्याला काही कळलेसुद्धा नव्हते.

मास्तरांनी संगणक सुरू केला आणि तिला म्हणाले, काटा हलला की लगेच दाब, गुण नाहीत, काही नाही. त्यांनी तीस वेळा काटा पाडला. तीसही वेळा तिचे बोट माझ्यावर येऊन थांबले. तिला मनापासून दाबायचे होते, मला ते कळत होते. मी तर जीव एकवटून वाट पाहत होते. पण ओठ मिटलेले असूनही तिच्या बोटात मोजणी चालू होती. शेवटी ती रडायला लागली. म्हणाली, "हात ऐकत नाहीये."

मास्तर म्हणाले, "मग ती खुर्ची सोड."

"बाबांनी दुकान सोडलंय."

"माहीत आहे मला," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी संगणक बंद केला.

तिने खुर्ची सोडली. घडलेले सगळे, त्या अकरा सेकंदांसकट, तिने लिहून दिले, आणि गुणांची ओळ व आठ सेकंदांची खोड दोन्ही काढा, अशी विनंती केली. उत्तर आले, की सूचनेची नोंद घेतली आहे. तिला कागदपत्रांच्या विभागात बसवले आणि भत्ता थांबला. तिचे वडील आता दुसऱ्याच्या दुकानात इस्त्री करायला उभे राहतात. तिची जागा लंबूला मिळाली. त्याला तिच्यापेक्षा दोन गुण जास्त होते.

मित्रांनो, मला तेल घाला, माझी अक्षरे पुन्हा रंगवा, असे मी तुमच्याकडे मागणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. मोठेपणी तुम्हांला कोणी विचारील, की पगाराची अपेक्षा किती? तेव्हा लाजू नका, चांगला मागा, कष्टाचा मोबदला मागण्यात काही गैर नाही. पण तो कशासाठी मिळणार आहे, हेही विचारून घ्या. आणि तुमच्यापैकी कोणी पगार ठरवणाऱ्याच्या खुर्चीवर बसले, तर माझ्यासारख्या बटणावरचे बोट मागे घेण्याचे पैसे कोणाला देऊ नका. आमची खोली अजून चालू आहे. दर सहा महिन्यांनी नवी तुकडी येते, आणि लंबूची युक्ती त्यांना पहिल्याच आठवड्यात कळते. अंगणापलीकडच्या खोलीत सध्या पॅनेलवर बसणारे सगळेच पहिल्या श्रेणीत पास झालेले आहेत.