बावीस बिल्ले

सकाळची लाँच बेटाच्या दिशेने निघाली तेव्हा धाकट्याच्या एका हातात कर्णा होता आणि दुसऱ्या हातात वडिलांच्या सदऱ्याचे टोक. कर्णा त्याच्या नोकरीचा होता. बेटावरचा जुना किल्ला, दीपस्तंभ आणि खडकातले तळे सहकुटुंब आलेल्या पाहुण्यांना दाखवणे हे त्याचे काम. सदऱ्याचे टोक मात्र आज पहाटे त्याच्या हातात आले होते. एरवी वडिलांजवळ थोरली बहीण असे. पहाटे तिच्या सासूबाई जिन्यावरून पडल्या आणि ताई पायांत चपला सरकवत दारातूनच म्हणाली, "आजचा दिवस तू बघ. घरी एकटे ठेवू नकोस हं. परवा गॅस चालू ठेवून अंगणात जाऊन बसले होते."

"पण मला कामावर बाबांना कसं नेता येईल?"

"का? बत्तीस वर्षं तेच तर जात होते. तू आत्ता आत्ता जायला लागलास."

ते खरेच होते. बेटाचे गाईड म्हणून वडिलांनी बत्तीस वर्षे काढली होती. कर्णा त्यांनी कधी हाती धरला नाही. त्यांचा आवाज असा खणखणीत की धक्क्यावर सगळे त्यांना 'तोफ' म्हणत. मुलगा त्याच जागी लागला, पण त्याचा आवाज ओठांशी येऊन बाहेर पडावे की नाही याचा विचार करत थांबे. त्याला नाव मिळाले 'फुसका बार'. ते कुणी दुष्टपणाने ठेवले नव्हते, म्हणूनच ते पुसायचीही सोय नव्हती.

"काय तोफ, आज स्वारी कुठे?" कप्तानाने केबिनमधून विचारले. दोघांनी वीस वर्षे एकत्र पाणी कापले होते.

"कामावर," वडील म्हणाले, आणि इतक्या साधेपणाने म्हणाले की हसायच्या बेतात असलेला कप्तान उगाचच दोरखंड नीट करू लागला. मग त्याने त्यांना केबिनमध्ये आपल्याशेजारी बसवून घेतले.

बेटाच्या धक्क्यावर एक लाकडी फळा होता आणि फळ्यावर आकडे घातलेले खिळे. उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यात पत्र्याचा एक बिल्ला पडे. परतताना तो ज्याच्या त्याच्या खिळ्यावर टांगायचा. फळा भरला की गाईड हात वर करी, कप्तान भोंगा वाजवी आणि लाँच सुटे. ही पद्धत वडिलांनीच बसवली होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मुलाला बजावले होते, "डोकी मोजत बसू नकोस. डोकी हलतात. मुलं दोनदा मोजली जातात, म्हातारी मोजायची राहतात. बिल्ला हलत नाही." धाकट्याने ते वाक्य मनाशी जपले होते. स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा फारसा विश्वास नव्हता. बिल्ल्यांवर होता.

आज पाहुणे बावीस. बिल्ले वाटायला वडील आपसूक पुढे झाले आणि धाकट्याने त्यांना अडवले नाही. शेवटचा, बावीस नंबरचा बिल्ला, पुढचे दोन दात पडलेल्या एका चिमुरडीच्या गळ्यात गेला.

"आजोबा, तुमचा बिल्ला कुठंय?"

"मला नसतो. मी पाहुणा नाही गं, मी इथलाच."

दिवस सुंदर होता, आणि धाकट्याला त्यातले काहीही दिसले नाही. माड वाऱ्याला पाठ देऊन उभे होते. प्रवाळाच्या दगडांनी बांधलेल्या भिंती उन्हात मिठासारख्या चमकत होत्या. मुलांच्या हाती एकेक कागद दिला होता. तोफ, विहीर, दीपस्तंभ, जुना तुरुंग आणि खडकातले तळे, अशा पाच ठिकाणी पाच शिक्के मारून घ्यायचे. ज्याचे पाच पुरे होतील त्याला टोपी. मुले शिक्क्यांमागे धावत होती, आईबाप मुलांमागे, आणि धाकटा मनातल्या मनात एकच जप करत होता : बावीस आणि एक, बावीस आणि एक. दीपस्तंभाच्या पायऱ्या एकशे चार. पुढे राहावे तर मागे वडील, मागे राहावे तर पुढे बावीस. विहिरीचा कठडा गुडघ्याएवढाच आहे, हे वर्षभरात त्याला आज पहिल्यांदाच खुपले.

मोठ्या तोफेपाशी तो कर्ण्यातून बोलू लागला, तर मागून एक गृहस्थ ओरडले, "अहो, जरा जोरात! इथे नुसता वाराच माहिती देतोय!" गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्याखाली नऊ नंबरचा बिल्ला.

धाकट्याचे कान तापले. आणि तेवढ्यात शेजारून तो जुना आवाज उठला. वडील बोलू लागले होते. तोफ कुणी ओतली, कुठल्या जहाजातून आली, किती बैलांनी वर ओढली, कुठल्या साली शेवटची उडाली. एक आकडा चुकला नाही, एक शब्द अडला नाही. काल रात्री जेवलो का, हे ज्यांना सांगता येत नव्हते, त्यांना तोफेच्या तोंडाचा व्यास बोटांच्या मापासकट आठवत होता. लोक पुढे सरकले. धाकटा कर्णा खाली करून उभा राहिला. अभिमान, मत्सर आणि दुःख यांपैकी मनात नक्की काय आले आहे हे त्याला ठरवता येईना.

"आणि इथेच," वडील तोफेखालच्या सावलीकडे बोट दाखवत म्हणाले, "इथे एकदा एक मुलगा राहून गेला होता. दुपारी झोपला. आणि लाँच निघून गेली."

"मग?" दात पडलेल्या मुलीने विचारले.

"मग…" वडिलांनी तोंड उघडले. तोफेकडे पाहिले. पुढचे सगळे तिच्या नळीत ठेवले असावे आणि हात पोचू नये, तसा त्यांचा चेहरा झाला.

"चला, विहिरीचा शिक्का राहिलाय!" धाकटा घाईने म्हणाला. ही गोष्ट त्याने कधी ऐकली नव्हती. असेल रचलेली, असे म्हणून त्याने ती मागे टाकली.

साडेचारला सगळे धक्क्यावर परतले. ओहोटी लागली होती. साडेपाच वाजले की धक्क्याजवळचे पाणी इतके उतरे की लाँचचा तळ वाळूला टेकायचा. मग भरती येईपर्यंत सुटका नाही. धाकट्याने वडिलांना फळ्याखालच्या बाकावर बसवले.

"इथेच बसायचं, बाबा. उठायचं नाही."

"बसतो की. मी काय लहान आहे?"

बिल्ले खिळ्यांवर खणखणू लागले. एका मुलाची चप्पल तळ्यात राहिली होती, ती आणवली. एका आजींची टोपी उडाली, ती पकडली. एकवीस बिल्ले लागले, आणि नऊचा खिळा रिकामाच राहिला. धाकटा तुरुंगाकडे धावला, तिथून दीपस्तंभाकडे. घामाने निथळत परतला, तर ते कॅमेरेवाले गृहस्थ समोरून रमतगमत येत होते आणि त्यांची बायको धक्क्यावरून कडाडत होती, "खेकड्याचे फोटो काढत बसले होते! घरी गेल्यावर तुम्हालाच या बिल्ल्यासकट खिळ्याला टांगते!"

नऊ नंबर खिळ्यावर बसला. फळा भरला. भरलेल्या फळ्याकडे पाहताना धाकट्याचे दिवसभर आवळलेले मन असे काही सैल झाले की त्याने खोल श्वास घेऊन हात वर केला. भोंगा वाजला. लाँच सुटली.

बेट तळहाताएवढे झाले तेव्हा ती चिमुरडी शिक्क्यांचा कागद फडकवत त्याच्यापाशी आली. "माझे पाच झाले! आता आजोबांना त्या गोष्टीचं पुढचं विचारते. कुठे बसलेत?"

"ते काय, केबिनमध्ये," सकाळसारखे कप्तानाने आताही त्यांना शेजारी बसवले असेल असे धरून धाकटा वळला. केबिनमध्ये कप्तानाशेजारची जागा रिकामी होती.

"कप्तान, बाबा तुमच्याजवळ होते ना?"

"माझ्याजवळ? मला वाटलं, तुझ्याजवळ."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बावीस बिल्ले बावीस खिळ्यांवर होते. त्यात एकाचीही चूक नव्हती. वडील कुठल्याच खिळ्याचे नव्हते.

कप्तानाने चाक फिरवले. धक्का जवळ येऊ लागला तेव्हा तो म्हणाला, "पाणी उतरतंय. पंधरा मिनिटं थांबतो. मुलाबाळांना वाळूत अडकवता यायचं नाही मला. नाहीच सापडले तर तू इथे राहा, मी छोटी होडी घेऊन येतो."

"आम्हीपण येतो शोधायला," कॅमेरेवाले गृहस्थ ओशाळून उठले.

"बसा खाली. तुम्हाला शोधण्यातच तर हे झालं," कप्तान म्हणाला.

धाकटा धावत सुटला. बाक रिकामा होता. पहिल्यांदा विहीर. कठड्यावर ओणवून त्याने खाली पाहिले. खाली फक्त त्याचेच डोके आणि आभाळाचा एक वाटोळा तुकडा. मग तळे. पाण्याच्या कडेला ओल्या वाळूत पावलांचे ठसे होते, आत गेलेले आणि देवाच्या कृपेने बाहेर आलेले. "बाबा!" त्याने हाक मारली. हाक चार पावलांवर जाऊन वाऱ्यात विरली. कर्णा लाँचवरच राहिला होता.

आणि तेव्हा किल्ल्याच्या आतून, फार आतून, आवाज आला.

"कुणी राहिलंय का?"

मग जरा जवळून, दुसऱ्या खोलीतून : "कुणी राहिलंय का?"

धाकट्याने तो सूर ओळखला. ती शेवटची फेरी होती. वडिलांच्या काळात फळा भरल्यावरही गाईड एकदा उलटा फिरे, शेवटच्या खोलीपासून पहिल्या दारापर्यंत, प्रत्येक दारात थांबून हाक देत. धाकट्याने ती फेरी पहिल्याच महिन्यात बंद केली होती. रिकाम्या खोल्यांना हाका मारायची त्याला लाज वाटे. बिल्ले असताना हाक कशाला, असे त्याने स्वतःला समजावले होते.

तुरुंगाच्या बोळात वडील समोर आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, कोपर खरचटलेले.

"बरं झालं तुम्ही आलात," ते म्हणाले. "लाँचवरचे ना तुम्ही? अजून एक राहिलाय. फळा भरलाय, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याकडे बिल्लाच नाही."

"कुणाकडे?"

"माझ्या मुलाकडे. पाच वर्षांचा आहे. घरचाच, म्हणून मी त्याला बिल्ला दिला नाही."

धाकट्याला काही आठवले असे म्हणता येणार नाही. तापलेल्या लोखंडाचा वास तेवढा आला, मानेखालचा गार दगड आला, आणि अंधुक उजेडात आपल्याला उचलून छातीशी घट्ट धरणारे दोन हात. ते त्याला आजवर स्वप्न वाटत आले होते. आईला एकदा विचारले होते तेव्हा ती उठून आत गेली होती.

"बाबा, तो मीच. मी आलोय ना."

वडिलांनी त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावे तसे अदबीने पाहिले. "नाही हो. तो एवढासा आहे." त्यांनी मांडीजवळ हात धरून दाखवला.

भोंगा वाजला. पहिला इशारा. धाकट्याने त्यांचा हात धरून ओढले, तर त्यांनी दाराची चौकट पकडली. "तुम्ही व्हा पुढे. मी त्याला टाकून येणार नाही. एकदा गेलो होतो."

त्या तीन शब्दांपुढे ओढाताण व्यर्थ होती. धाकट्याने हात सोडला, आणि मग विचार न करता, विचार केला असता तर लाजला असता म्हणून विचार न करता, तो धावत मोठ्या तोफेपाशी आला आणि तिच्याखाली शिरला. गुडघे हनुवटीशी आले, पाठ लोखंडाला घासली. सावली आता त्याला पुरत नव्हती. पाय उन्हात राहिले. त्याने डोळे मिटले.

"कुणी राहिलंय का?" आवाज जवळ येत होता. पहिल्या दारातून आला. "कुणी राहिलंय का?"

"मी!" धाकटा ओरडला. "मी राहिलोय! बाबा, मी इथे आहे!"

भिंतींवरून कबुतरे उडाली. इतका मोठा आवाज कुणाचा, म्हणून तो स्वतःच दचकला.

पावले धावत आली. वडील वाकले. त्यांचा ओला हात सावलीत चाचपडत त्याच्या केसांपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.

"झोपला होतास?"

"हो."

"घाबरलास?"

"हो," धाकटा म्हणाला. त्यात खोटे काहीच नव्हते.

"चल. ऊठ. आई वाट बघत असेल."

धक्क्यापर्यंत वडिलांनी त्याचे मनगट सोडले नाही. लाँचच्या खालची वाळू गढूळ होऊन वर येऊ लागली होती. कप्तानाने दोघांना हात देऊन आत ओढले आणि लाँच मागे रेटली. "मघाची हाक ऐकली," तो चाकाशी उभा राहून म्हणाला. "तोफच उडाली म्हटलं. आवाज कुणाचा होता?"

"यांचा," चिमुरडीने धाकट्याकडे बोट केले. कप्तानाने भुवया उंचावल्या. फुसका बार हा शब्द त्या दिवशी तरी कुणी काढला नाही.

"आजोबा, मग त्या मुलाचं काय झालं?" तिने विचारले.

"कुठल्या मुलाचं?" वडील हसून म्हणाले. त्यांचा चेहरा आता निवांत होता. त्यांच्या मुठीत धाकट्याच्या सदऱ्याचे टोक होते.

बेट मागे पडत गेले. फळा दिसेनासा झाला. धाकटा उठला आणि वर्षभरात पहिल्यांदाच डोकी मोजू लागला. डोकी हलत होती, खिडकीशी जात होती, आईच्या कुशीत शिरत होती. तो चुकला, पुन्हा पहिल्यापासून निघाला, आणि आता मोठ्याने, बोट दाखवून मोजू लागला. बावीस. आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून, तेवीस.

"चोवीस," वडील म्हणाले. "स्वतःला मोजलं नाहीस तू."