उजवा बूट

कॅप्टनने आयुष्यात ना फौज पाहिली होती, ना जहाज. तरी गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा त्याला कॅप्टनच म्हणायचं, ते त्याच्या चालण्यामुळे. मान वर, पाठ ताठ, पाऊल कसं खणखणीत! एरवी तो बुटांचा कारागीर. दुकान सासऱ्यांचं, म्हणजे गडी घरजावई. घरजावयाने इतकं ऐटीत चालावं हे बऱ्याच जणांच्या डोळ्यांत खुपायचं. खुपेना का, त्याला कुठे पर्वा होती.

त्या दुकानाची एक रीत होती. प्रत्येक जोडातला डावा बूट तो शिवायचा आणि उजवा त्याची बायको. लग्न नवं होतं तेव्हा दोघांची रोज जुंपायची, टाका कुणाचा बारीक यावरून. ती बापाच्या हाताखाली लहानपणापासून शिकलेली, हा बाहेरून आलेला, पण तोंडाने भारी तिखट. शेवटी सासरे वैतागले. "एक पाय तुझा, एक हिचा," ते म्हणाले. "दोन्हींत फरक दिसला तर दोघांनाही हाकलून देईन. आणि दुसऱ्याच्या बुटाला हात लावायचा नाही. चूक दिसली तरी नाही!" सासरे गेले, रीत राहिली. गिऱ्हाइकाच्या उजव्या बुटाचा तळ झिजला तर तोही तीच बदलायची. हा त्या बुटात कधी डोकावलासुद्धा नाही.

आता पायाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी माळ्यावरून लाकडी साचे काढताना शिडी सरकली आणि हा धाडकन खाली आला. उजवी मांडी मोडली. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय पण पाय आखूड झालाय, लंगडणं जन्माचं. तेव्हा हा भिंतीकडे तोंड करून रडला. ऐन उमेदीतला माणूस, रडणार नाही तर काय करणार? बायको म्हणाली, "रडून पाय लांब होतो का? चला, तुमच्यासाठी नवा जोड करू." डावा त्याने अंथरुणात बसून शिवला, उजवा तिने. मग रोज सकाळी गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दुकानासमोर फेऱ्या मारायच्या. थोड्याच दिवसांत गडी सरळ चालू लागला. डॉक्टरांकडे पुन्हा गेलाच नाही, कशाला जाईल?

तेव्हापासून जो येईल त्याला तो ऐकवायचा, "जिद्द लागते जिद्द! डॉक्टरला काय कळतंय?" गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेता घेता ही टिमकी वाजायची. बायको बाजूला बसून दोऱ्याला मेण लावत असायची. कुणी विचारलं, "काय वहिनी, खरं का हो?" तर म्हणायची, "खरंच की. फार जिद्दी माणूस."

तिच्या दोनच गोष्टी त्याला पटायच्या नाहीत. एक म्हणजे त्याच्या स्वतःच्या उजव्या बुटाची मागची बाजू नेहमी चिमूटभर उंच असायची. दुसऱ्या कुणाच्या जोडात नाही, फक्त त्याच्याच. तो चिडवायचा, "नवऱ्याच्या मापातच कसा गं तुझा हात चुकतो?" ती म्हणायची, "चुकतो खरा. घाला आता तसाच." दुसरी गोष्ट म्हणजे घरात अनवाणी चालायची बंदी. पलंगाखाली तिने शिवलेल्या सपाता तयार असायच्या आणि सकाळी पाय खाली टाकायच्या आत आवाज यायचा, "अहो, सपाता! फरशी गार आहे." न्हाणीघराच्या दारापर्यंत सपाता. भर उन्हाळ्यातसुद्धा फरशी गारच. बायकांची कटकट म्हणून त्याने तीही निमूट सोसली.

तिचं एकच मागणं होतं. एकदा एक म्हातारा दुकानात आला. कुठल्याशा दीपगृहावर त्याने हयात घालवली होती. बूट पायात चढवता चढवता तो बोलून गेला की तुमच्या दारातला हाच रस्ता थेट आमच्या दीपगृहाशी जाऊन संपतो. झालं! तिने ते मनात धरलं. "आपण जगासाठी बूट शिवतो आणि स्वतः कुठे जातो? घर ते दुकान, दुकान ते घर. एकदा हा रस्ता संपेपर्यंत चालू या ना." तो म्हणायचा, जाऊ की, एवढा हंगाम उरकू दे. हंगाम काय, एक उरकला की दुसरा दत्त म्हणून उभा.

मग ती अंथरुणाला खिळली. तरी उशीला टेकून तिने त्याचा एक उजवा बूट शिवला, जाड तळाचा, लांब चालण्यासाठीचा. हातात ताकद नव्हती, एकेका टाक्याला दम लागायचा. "माझा झाला," ती म्हणाली. "तुम्ही डावा कधी करणार?" "करतो गं, काय घाई आहे?" असं तो म्हणाला. घाई होती. त्याला कळली नाही.

ती गेल्यावर त्याने तो डावा बूट शिवला. डोळे सारखे भरून यायचे, त्यामुळे टाके वाकडे पडले, पुन्हा उसवले, पुन्हा घातले. मग दुकानाला कुलूप लावलं आणि मुलीला सांगितलं, "मी चालत दीपगृहाला जातोय. तुझ्या आईसाठी."

मुलगी बँकेत नोकरीला होती, आईसारखीच स्पष्टवक्ती. "बाबा, वय काय तुमचं? निदान चांगले खेळाचे बूट तरी घ्या."

"हेच घालणार. आणि उजव्याला कुणाचा हात लागू देणार नाही. तिचा शेवटचा आहे तो."

निघाला. पहिले काही दिवस रस्ता ओळखीचा होता, मग अनोळखी झाला. दिवसभर चालायचं, अंधार पडायच्या आत एखादी धर्मशाळा किंवा स्वस्त खोली गाठायची, पायाचे फोड धुवायचे, सवयीने तिच्या सपाता चढवायच्या, दोन्ही बूट पुसून उशाशी ठेवायचे. ट्रक अंगाला घासून गेल्यासारखे जायचे, धूळ तोंडात जायची. चालताना तो तिच्याशी बोलायचा. हे बघ, इथे पूल आहे. हे बघ, इथे काय बाई गर्दी! रोज संध्याकाळी मुलीचा फोन यायचा आणि तो खुशाल सांगायचा, मी ठणठणीत आहे. डाव्याचा तळ वाटेत एकदा झिजला, तो त्याने पेट्रोल पंपाच्या पायरीवर बसून बदलला. पिशवीत आरी, चामडं कापायची रापी, मेणाचा दोरा आणि चामड्याचे तुकडे होते, पण ते डाव्यापुरते.

पुढे उजवी कंबर दुखायला लागली. पाऊल टाकलं की अंग उजवीकडे कलायचं. वय झालं, तो म्हणाला. रस्त्याला उतार असेल, असंही म्हणाला. मग उजव्याचा तळ पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला फटफट वाजू लागला. त्याने सुतळी बांधली. सुतळी झिजली, दुसरी बांधली. मुलीला फोनवर फटफट ऐकू गेली.

"बाबा, शिवून घ्या ना! तुम्हाला काय अवघड आहे?"

"रीत आहे गं. तिच्या बुटाला मी हात लावायचा नाही."

"मग परत या. उगाच जिवाशी खेळू नका."

तिसरी सुतळी तुटली तेव्हा तो एका बस-थांब्याच्या निवाऱ्यात बसला. समुद्र जवळ आला होता, वाऱ्याला खारट वास येत होता. चालायचं तर तिचे टाके उसवायला हवेत. टाके जपायचे तर इथूनच बस धरून घरी जायला हवं, आणि तिचा रस्ता अर्धाच राहणार. घराकडे जाणारी बस आली, थांबली. कंडक्टरने विचारलं, "काय आजोबा, येताय?" त्याने मानेनेच नाही म्हटलं. तिला बूट नको होते, रस्ता संपलेला बघायचा होता, हे त्याला ठाऊक होतं. बस गेली तसा त्याने उजवा बूट काढून मांडीवर घेतला. "अगं, हात लावतोय हं," तो मोठ्याने म्हणाला आणि रापीचं टोक टाक्याखाली घातलं.

तळ उघडला आणि तो बघतच राहिला.

आत चामड्याचे थर होते. एकावर एक चिकटवलेले, बोटांकडे पातळ आणि टाचेकडे जाड होत गेलेले, कडा तासून अशा निमुळत्या केलेल्या की बोटाला सांधा लागू नये. बाहेरून टाच डाव्याइतकीच, सगळी करामत आत. पायाची टाच आतून वर उचलली जायची, म्हणून बुटाची मागची बाजू चिमूटभर उंच ठेवावी लागायची. रस्त्याने ते थर आता दाबून टाकले होते, घामाने कुजवले होते, टाचेखाली तर नुसती साय उरली होती.

कारागीर माणूस, त्याला समजायला वेळ लागला नाही. समजूनही तो मान हलवत होता, छे, छे. मग त्याने मोजे काढले आणि निवाऱ्याच्या फरशीवर अनवाणी उभा राहिला. कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. शरीर उजवीकडे असं कोसळलं की खांब धरावा लागला. फरशी गार नव्हती, चांगली उन्हाने तापलेली होती.

"अगं बाई," तो म्हणाला, आणि मग हमसून हमसून रडला. सपाता, बूट, पुन्हा सपाता. जन्मभर एकेक थर तासत बसली आणि हा शेजारी बसून जगाला जिद्द ऐकवत होता! तिचा हात चुकतो म्हणून चारचौघांत हसत होता. एकदा तरी बोलायचं होतंस गं. पण बोलली असती तर भिंतीकडे तोंड करून रडणारा तो पोरगा पुन्हा उभा राहिलाच नसता, हे तिला कळत होतं. आणि आता आभार मानायचे तर कुणाचे? बाकावर शेजारी कुणीच नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं. पिशवीतून चामडं काढलं, नवा थर कापला, कडा तासल्या, बुटात बसवून पाहिला. छान बसला. मग तो पुन्हा काढून पिशवीत टाकला. पुरे झालं मिरवणं, तो म्हणाला. लोकांना दिसू दे मी कसा आहे ते, म्हणजे तिने काय केलं तेही दिसेल. तिचे कुजके थर त्याने रुमालात बांधून छातीच्या खिशात ठेवले. तळ परत लावला तो तिच्याच भोकांतून. भोकं तिची, दोरा त्याचा. एकही नवं भोक पाडलं नाही.

राहिलेला रस्ता त्याने लंगडत काढला. कंबरेतून कळा जायच्या, दर थोड्या अंतराला बसावं लागायचं. वाटेतली पोरं वळून बघायची. बघा, तो मनात म्हणायचा, नीट बघा.

दीपगृह त्याला वाटलं होतं तेवढं मोठं नव्हतं. पांढरा रंग उडालेला, भोवती तारेचं कुंपण, आणि डांबरी रस्ता फाटकापाशी येऊन चक्क संपला होता. पलीकडे खडक आणि पाणी. मुलगी गाडीने आधीच येऊन फाटकाशी उभी होती. बाबा लांबून दिसले तशी ती हात हलवायला लागली, आणि मग हात तसाच वर राहिला. ती धावत आली.

"बाबा! पायाला काय झालं? कधी लागलं? मला सांगायचं नाही का? तुम्ही केवढे लंगडताय!"

कॅप्टनने खिशातला रुमाल काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो उघडला. चामड्याचे काळे पडलेले तुकडे, आणखी काही नाही. तिला काही उमगेना.

"मी लंगडाच आहे गं," तो म्हणाला. "तू जन्मायच्या आधीपासून. तुझ्या आईने कुणाला कळू दिलं नाही. मलासुद्धा नाही."

ती त्या तुकड्यांकडे बघत राहिली. मग रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, भार टाकला, आणि दोघं फाटकापर्यंतची उरलेली पावलं चालत गेली.