भिकाजीतात्यांची काठी

भिकाजीतात्या बाईला हाक मारत नाहीत, काठीने ढोसतात. पाणंदीत, बसथांब्यावर, देवळाच्या पायरीवर, कुठेही. मागून येऊन काठीचं टोक कमरेत खुपसायचं आणि आपण दचकलो की हसायचं. पुरुषांना मात्र लांबूनच रामराम! लग्न होऊन या गावात आल्यापासून मी हे सोसत आले. तात्या गावचे मानकरी, शिमग्यात पालखीपुढे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालणार. त्यांना बोलणार कोण?

यंदा त्यांनी माझ्या सानिकाला ढोसलं. आठवीतली पोर, संगमेश्वरच्या एसटीसाठी उभी होती. थांब्यावरची मुलं फिदीफिदी हसली आणि ती शाळेतच जाईना. तिचा हात धरून मी तात्यांच्या दारात गेले. तिच्यासमोरच तात्या म्हणाले, "वायच गंमत केली गो, लगेच भांडाया काय आलीस?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुंबईला नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणतो, "जाऊ दे, म्हातारा माणूस." मग मी कुणाला काही बोलले नाही. शिमग्याची वाट बघत राहिले.

पालखी अंगणात आली. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून घरचं मागणं मीच सांगायचं होतं. आमच्याकडे घरच्यांनी मागणं सांगायचं आणि मानकऱ्याने ते जसंच्या तसं देवापुढे म्हणायचं. त्याला नाही म्हणता येत नाही. ढोल थांबले.

"सांग गो, काय मागतेस?"

"म्हणा तात्यानू, या घरच्या लेकीला जो कोण वाटेत काठीनं ढोसत असेल..."

तात्या सवयीने म्हणून गेले. गाव गरजला, "व्हय महाराजा!" मग त्यांच्या ध्यानात आलं आणि चेहरा खर्रकन उतरला.

"त्याची काठी आज तुझ्या पायाशी पडू दे," मी पुढे सांगितलं. "पुन्हा कुठल्या बाईला ढोसलंन, तर त्याचा हात झडू दे."

तात्या इकडेतिकडे बघायला लागले. पालखीला खांदा दिलेला लवू वैतागून म्हणाला, "म्हणा वो तात्यानू, देव ताटकळलाय." तात्या काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं," मी म्हटलं.

शेवटी तात्या मोठ्याने म्हणाले. पुरुष गप्पच राहिले. तेवढ्यात मागून, पडवीतून आवाज आला, "व्हय महाराजा!" गाऱ्हाण्याला बायका कधी ओ देत नाहीत. त्या दिवशी एकही गप्प बसली नाही.

तात्यांनी काठी पालखीखाली टाकली. मला जे बरं वाटलं, ते कशाला लपवू? देवाच्या दारात त्यांच्याच तोंडून त्यांनाच शाप वदवला होता मी.

सानिका घरातून बाहेर आली. तिने वाकून काठी उचलली आणि तात्यांच्या कमरेत दिलं एक ढोसून. तात्या टुणकन उडाले.

"वायच गंमत केली, आजोबा," ती म्हणाली.

मी तिला अडवलं नाही.